सीमाभागातील निवासी सेमिनरी : पंगत, प्रवचनवर्ग आणि मराठीचे एक कपाट

बेळगाव शहराबाहेरच्या ज्या निवासी सेमिनरीत (पाळक, म्हणजे चर्चचे धर्मोपदेशक, घडवणाऱ्या संस्थेत) पत्नी आणि मुलासह राहून मी धर्मशास्त्राची पदविका पूर्ण केली, तिच्याविषयी खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातील मंडळ्यांमधून (चर्चच्या स्थानिक समुदायांतून) मला वरचेवर विचारणा होते. विचारणाऱ्यांत बारावी झालेली मुले असतात, नोकरी सोडून पाळकीय सेवेत येऊ पाहणारे संसारी पुरुष असतात, आणि कधी कधी मुलाला तेथे पाठवावे की नाही या विवंचनेत पडलेले वडीलही असतात. संस्था लहान आहे, शिक्षक मोजके आहेत, आणि येथे नोंदवलेली प्रत्येक उणीव कोणा ना कोणा ओळखीच्या माणसाच्या माथी मारली जाईल, म्हणून संस्थेचे नाव मी देत नाही. माझे मत मात्र आधीच सांगून टाकतो. चार प्रकारच्या माणसांबरोबर राहण्याचे शिक्षण येथे उत्तम मिळते, उपदेशाचे शिक्षण चांगले मिळते, आणि स्वतः वाचून अभ्यास करण्याची सोय, विशेषतः मराठीतून विचार करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी, फारच तोकडी आहे.

पहिला खुलासा पदवीचा. ही संस्था स्वतःची पदविका देते, बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, धर्मशास्त्राची पदवी) देत नाही. प्रवेशाच्या वेळी हे कोणी लपवत नाही, पण ठासून सांगतही नाही. आपल्याकडे प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये ज्या बी.डी.ला वजन आहे ती प्रामुख्याने बंगालमधील सेरामपूर महाविद्यालयाच्या सिनेटची, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाची. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये काढलेल्या त्या महाविद्यालयाला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने पदव्या देण्याची सनद दिली आणि १९१८ च्या कायद्याने त्या अधिकारावर शिक्कामोर्तब झाले. देशातील अनेक सेमिनऱ्या आज त्या सिनेटशी संलग्न आहेत. दुसरी मान्यता एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची. पदविकेनंतर पुढे शिकायचे असेल तर आपल्या भागातील विद्यार्थ्याला कन्नडमधून शिकण्यासाठी मंगळुरूचे कर्नाटक थिऑलॉजिकल कॉलेज, इंग्रजीतून शिकण्यासाठी १९१० मध्ये स्थापन झालेले बेंगळुरूचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज, किंवा १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्याला हललेली युनियन बिब्लिकल सेमिनरी गाठावी लागते. तेव्हा आपल्या मंडळीची वरिष्ठ समिती पाळकाच्या दीक्षेसाठी कोणती पदवी ग्राह्य धरते, याची लेखी चौकशी अर्ज भरण्यापूर्वीच करावी. माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने ती शेवटच्या वर्षी केली आणि त्याला पुन्हा पहिल्या वर्षापासून अन्यत्र बसावे लागले.

कॅथलिक वाचकांसाठी एवढेच सांगतो की हे परीक्षण त्यांच्या उपयोगाचे फारसे नाही. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या बेळगाव धर्मप्रांतातील धर्मगुरूंची घडण वेगळ्या शिस्तीत होते. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञानाची मिळून बरीच वर्षे आणि ब्रह्मचर्याची अट त्यात असते. आमच्याकडे संसारी विद्यार्थी सर्रास असत.

दिनक्रम पहाटेच्या घंटेने सुरू होतो. वैयक्तिक मनन, मग चॅपलमधील प्रातःभक्ती, नाश्ता, दुपारपर्यंत तास, जेवणानंतर तासभर श्रमदान, संध्याकाळी व्हॉलीबॉल आणि रात्री अभ्यासाची वेळ. प्रातःभक्तीची भाषा पाळीपाळीने बदलते. एक दिवस मराठी, एक दिवस कन्नड, एक दिवस इंग्रजी. सुरुवातीला हे वाटप केवळ भांडणे टाळण्यासाठी असावे असे वाटते. पण काही महिन्यांनी अथणीचा कन्नड विद्यार्थी ‘उपासना संगीत’ या मराठी गीतपुस्तकातील पद पेटीवर न अडखळता वाजवू लागतो आणि खानापूरचा मराठी विद्यार्थी कन्नडमधून प्रभूची प्रार्थना पुस्तकात न पाहता म्हणू लागतो, तेव्हा या व्यवस्थेमागची दूरदृष्टी कळते. आपल्या भागातील अनेक मंडळ्यांत एकाच पाळकाला सकाळी एका भाषेत आणि संध्याकाळी दुसऱ्या भाषेत उपासना चालवावी लागते, आणि हा सराव पुस्तकाने होत नाही.

मेसविषयी सविस्तर लिहितो, कारण या संस्थेचा खरा अभ्यासक्रम मला तेथेच दिसला. स्वयंपाकाला एक अक्का आणि त्यांची मदतनीस आहे; बाकी सगळी कामे विद्यार्थ्यांच्या तुकड्यांकडे. तुकड्या दर महिन्याला बदलतात आणि त्या पाडताना गाव, भाषा व पंथ यांची मुद्दाम सरमिसळ केली जाते. सकाळी उप्पीट किंवा आंबोळी, दुपारी जोंधळ्याची भाकरी, एखादी पालेभाजी, आमटी आणि भात, रविवारी कोंबडीचा रस्सा असा साधा बेत असतो. बुधवारच्या एण्णेगायीची (भरल्या वांग्यांची) वाट सगळे पाहत, आणि अक्का वांगी चिरताना देठ शाबूत ठेवून चारच चिरा का द्यायच्या, हे नव्या तुकडीला दरवेळी तितक्याच गांभीर्याने समजावून सांगत. भाताचा प्रश्न मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. खानापूरकडच्यांना उकडा तांदूळ हवा, निपाणीकडच्यांना तो नको, आणि आंध्रातून आलेल्या दोघांना भाकरीच नको. विद्यार्थी परिषदेच्या बैठकीत या विषयावर जेवढा वेळ गेला तेवढा दुसऱ्या कोणत्याही विषयावर गेला नाही. तोडगा म्हणून आठवड्याचे वार वाटून दिले गेले. पुढे पाळक झाल्यावर मंडळीच्या पंचकमिटीच्या सभा ज्यांना चालवायच्या आहेत, त्यांनी ही बैठक एकदा तरी चालवून पाहावी.

जेवणाआधी पंगतीत उभे राहून प्रार्थना होते, आणि जेवण झाल्यावर प्राचार्यांसह प्रत्येक जण आपले ताट आपणच घासतो. प्राचार्य सर नळापाशी रांगेत उभे असताना पहिल्या वर्षाचा एखादा विद्यार्थी लगबगीने त्यांचे ताट घ्यायला जातो, आणि ते नुसती मान हलवून त्याला पुढे जायला सांगतात. मी हे पाहिले ते एकदाच नव्हे. मंडळ्यांमध्ये पाळकसाहेबांची बॅग उचलायला चार माणसे धावतात, तेथून आलेल्या मुलांच्या अंगवळणी हे पडायला वेळ लागतो.

याच पंगतीत एक गोष्ट खटकते, आणि तिचा उल्लेख परीक्षणात टाळणे मला बरोबर वाटत नाही. जात कोणी विचारत नाही. आडनाव मात्र पहिल्याच दिवशी विचारले जाते, आणि ते सांगितल्यावर पुढचा प्रश्न ‘मूळ गाव कोणते?’ हा असतो. उत्तरानंतर जो छोटासा विराम येतो त्याचा अर्थ सीमाभागात वाढलेल्या माणसाला सांगावा लागत नाही. एकत्र जेवण, एकत्र झोपण्याच्या खोल्या आणि कामाच्या तुकड्या यांमुळे हा विराम दुसऱ्या वर्षापर्यंत पुष्कळ कमी होतो. पण मंडळीच्या इतिहासाच्या तासाला या विषयाला एकच व्याख्यान मिळाले आणि तेही परीक्षेला नव्हते. पाळकाला पहिल्याच नेमणुकीत, लग्नाच्या बोलणीत किंवा दफनभूमीच्या वादात, जो प्रश्न समोर येणार आहे, त्याला अभ्यासक्रमात याहून मानाची जागा हवी.

शिक्षकांमध्ये ग्रीकचे सर सर्वांत उजवे. नव्या कराराची ग्रीक भाषा म्हणजे पाठांतराचे ओझे अशी भीती घेऊन सगळे येतात. सर पहिल्या आठवड्यात पुस्तक उघडतच नाहीत. फळ्यावर मराठी शाळेतला विभक्तीचा तक्ता काढतात, त्यातील प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी आणि संबोधन यांच्यासमोर ग्रीक प्रत्यय मांडतात, आणि मराठीप्रमाणेच ग्रीकमध्येही तीन लिंगे असल्याने इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांपेक्षा तुम्हीच या भाषेला जवळ आहात, असे सांगून वर्गाची भीड मोडतात. कन्नड विद्यार्थ्यांसाठी तोच तक्ता कन्नड विभक्तींनी पुन्हा काढला जातो. सहामाहीपर्यंत योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवातीची वचने बहुतेकांना शब्दकोशाच्या आधाराने लागतात. हिब्रूचे तसे नाही. बावीस मुळाक्षरे आणि उजवीकडून डावीकडे वाचन एवढ्यातच एक सत्र संपते, आणि त्यासाठी स्वतंत्र शिक्षक नेमलेला नसल्याने पुढे कोणी जात नाही. जुन्या कराराचे तास ठीक, पाळकीय समुपदेशनाचे तास पाठ्यपुस्तकी.

प्रवचनवर्ग मात्र विशेष उल्लेखनीय आहे. दर शुक्रवारी एक विद्यार्थी चॅपलमध्ये वर्गासमोर उपदेश करतो आणि बाकीचे छापील तक्त्यावर शेरे लिहितात : शास्त्रभागाला धरून होते का, मुद्दे किती, आवाज, हातवारे, वेळ. नंतर हा वर्ग घेणारे सर ते शेरे मोठ्याने वाचतात. खानापूर तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या मुलाने येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला घेतला होता. त्याने इंग्रजी टीकाग्रंथातून पॅलेस्टाईनच्या जमिनीचे वर्णन उतरवून काढले होते आणि ते वाचताना तो दर ओळीला घाम पुसत होता. सरांनी त्याला अर्ध्यात थांबवले आणि विचारले, ‘तुमच्या शेतात कातळ किती खाली लागतो?’ तो म्हणाला, ‘वरच्या तुकड्यात वीतभर, सर.’ ‘तेथे पेरले तर काय होते?’ मग तो कागद बाजूला ठेवून बोलू लागला. पहिल्या पावसाला त्या तुकड्यातील रोप शेजारच्या शिवारापेक्षा आधी वर येते, बघणारा खूश होतो, आणि आठ दिवस उघडीप पडली की तेच आधी पिवळे पडते, असे त्याने सांगितले. दाखल्यात नेमके हेच आहे. मुळे खोल नसल्यामुळे ते लवकर उगवते आणि ऊन लागताच वाळते. त्या दिवशीच्या शेऱ्यांत कोणी हातवाऱ्यांविषयी काही लिहिले नाही. असे शिकवणारा शिक्षक मिळणे ही या संस्थेत जाण्यासाठी पुरेशी सबब आहे.

आता ग्रंथालय. पुस्तके बरीच आहेत, रात्री नऊपर्यंत ते उघडे असते, ग्रंथपाल तत्पर आहेत. पण जवळपास सगळा संग्रह इंग्रजी, त्यातही देणगी म्हणून परदेशातून आलेला, आणि त्यातील पुष्कळसा जुना. कन्नडसाठी दोन कपाटे आहेत आणि किट्टेल यांचा १८९४ चा कन्नड–इंग्रजी शब्दकोश, पुनर्मुद्रित का होईना, दर्शनी भागात ठेवलेला आहे. मराठीला एक कपाट. त्याच्या वरच्या दोन कप्प्यांत पवित्र शास्त्राच्या प्रती व गीतपुस्तके, तिसऱ्यात जुन्या मासिकांचे गठ्ठे, आणि खालच्या कप्प्यात सतरंज्या. मराठी ख्रिस्ती लेखन मुळातच तुटपुंजे असते तर तक्रारीला जागा नव्हती. सेरामपूरहून केरींचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी नवा करार १८११ मध्ये छापून निघाला. पंडिता रमाबाईंनी केडगावला राहून मूळ हिब्रू व ग्रीकवरून अख्खे पवित्र शास्त्र मराठीत आणले. नारायण वामन टिळकांनी कीर्तन आणि भजन चर्चमध्ये आणले, आणि नगरच्या सेमिनरीत पाळकांच्या एका पिढीला शिकवले. या सगळ्यांहून जवळचे म्हणजे मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी : जन्म बेळगावचा, १८३१ चा, लंडन मिशनने १८२० मध्ये जेथे काम सुरू केले त्याच गावात त्यांचे आरंभीचे शिक्षण झाले आणि १८५४ मध्ये बाप्तिस्माही येथेच झाला. त्यांचे एकही पुस्तक त्या कपाटात नव्हते. ग्रंथपालांना विचारले तर त्यांनी मागणीपत्र भरायला सांगितले. ते भरले, आणि पदविका घेऊन बाहेर पडेपर्यंत ते मंजुरीच्या फायलीत होते.

परीक्षेचीही तीच कथा. उत्तरे मराठीत लिहिण्याची परवानगी आहे, प्रश्नपत्रिका इंग्रजीत येते. मराठी उत्तरपत्रिका तपासणारा परीक्षक बाहेरगावचा असल्याने आमचे निकाल इतरांच्या मागून लागत, आणि पुढच्या वर्गात ‘तात्पुरता प्रवेश’ असा शिक्का घेऊन बसावे लागे. ज्यांना इंग्रजी बऱ्यापैकी येते ते या कटकटीला कंटाळून इंग्रजीत लिहू लागतात, आणि तीन वर्षांनी मराठी मंडळीसमोर उभे राहिल्यावर त्यांच्या तोंडी इंग्रजी परिभाषाच येते. कारणांत पैसा आहे, मराठी विद्यार्थ्यांची घटती संख्या आहे. पण थोडा आळसही आहे, असे माझे मत आहे.

शनिवार–रविवार क्षेत्रकार्याचे. प्रत्येकाला एक मंडळी नेमून दिली जाते, एस.टी.चे भाडे संस्था देते, जेवणाची सोय मंडळीने करायची असते. मला मिळालेली मंडळी लहान होती, आणि तेथे जे शिकलो ते बहुतेक उपकारस्तुतीच्या सणाच्या तयारीत. लोक पहिल्या पिकातील वाटा वेदीपुढे आणून ठेवतात : भाताचे पोते, नारळ, भोपळे, कोंबडी, एखादीने घरी केलेले लाडू. उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो. भोपळा एकाने बोली लावून घ्यायचा, पैसे भरायचे आणि तो पुन्हा मंडळीला अर्पण करायचा, मग दुसऱ्याने बोली लावायची, असे एकच भोपळा चार हात फिरतो. बोली पुकारण्याचे काम सेमिनरीच्या विद्यार्थ्याकडे असते. कोणाला किती ताणायचे आणि कोणती विधवा बाई केवळ लाजेखातर बोली वाढवते आहे हे ओळखून वेळीच हातोडा टाकायचा, हे मला तेथील वडीलधाऱ्यांनी बाजूला घेऊन शिकवले. क्षेत्रकार्याच्या अहवालात या कौशल्याला रकाना नाही.

एक नोव्हेंबरविषयी लिहिल्याशिवाय येथील सामूहिक जीवनाचे वर्णन पुरे होणार नाही. १९५६ मध्ये त्या तारखेला राज्यपुनर्रचना झाली. तेव्हापासून कर्नाटक त्या दिवशी राज्योत्सव साजरा करते आणि सीमाभागातील अनेक मराठी भाषक काळा दिवस पाळतात. शहराचे नाव अधिकृतपणे बेळगावी झाले तेही २०१४ च्या एक नोव्हेंबरपासून. ख्रिस्ती पंचांगात हाच दिवस सर्व संतांचा. आवारात त्या दिवशी ना लाल–पिवळा झेंडा लावतात, ना काळी फीत बांधू देतात. फाटक बंद असते आणि सकाळी दीर्घ उपासना होते. तीत आपापल्या गावातील, आपल्याला विश्वासात आणणाऱ्या दिवंगत माणसांची नावे ज्याने त्याने आपल्या भाषेत मोठ्याने घ्यायची असतात. आजी, पाळक, शाळेतल्या बाई, एखादा मिशन दवाखान्यातला कंपाउंडर. मराठी आणि कन्नड नावे एकापाठोपाठ येत राहतात आणि तासभर तरी कोणी गावाच्या नावावरून हटकत नाही. काही विद्यार्थी या व्यवस्थेला पळवाट म्हणतात. दुपारच्या जेवणात कोणी मोबाइलवर मिरवणुकीचे चित्रण दाखवले की दोन टेबले आपोआप वेगळी होतात, हेही खरे आहे. तरी बाहेर वातावरण तापलेले असताना दोन्ही भाषांच्या मुलांना एका चॅपलमध्ये बसवणे हे सोपे काम नाही, आणि संस्था ते दरवर्षी करते.

राहण्याच्या सोयींविषयी थोडक्यात : खोल्या स्वच्छ, पावसाळ्यात भिंतींना ओल, एप्रिल–मेमध्ये पाणी टँकरचे, इंटरनेट फक्त कार्यालयाजवळ, वॉर्डन कडक पण समंजस. शुल्कात मेस आणि निवास धरलेला आहे, पुस्तके नाहीत. मंडळीचे शिफारसपत्र, वैद्यकीय दाखला आणि मुलाखत यांशिवाय प्रवेश नाही. मुलाखतीत ‘पाचारण कसे झाले?’ (म्हणजे देवाने या सेवेसाठी कसे बोलावले) हा प्रश्न हमखास येतो, आणि पाठ केलेले उत्तर ओळखू येते.

संसारी विद्यार्थ्यांनी आणखी दोन गोष्टींची चौकशी करावी. पहिली मुलांच्या शाळेची. आसपास मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही माध्यमांच्या शाळा आहेत, आणि २०१५ च्या राज्य कायद्यानुसार कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सर्वच शाळांत शिकावी लागते. आमचा मुलगा मराठी शाळेत गेला व शेजारच्या क्वार्टर्समधील मुलांबरोबर खेळून माझ्याआधी कन्नड बोलू लागला. तेव्हा यात घाबरण्यासारखे काही नाही. दुसरी गोष्ट पत्नीच्या शिक्षणाची. विद्यार्थ्यांच्या पत्नींसाठी संध्याकाळी एक वर्ग चालतो, त्यात रविवारशाळा, आरोग्य, शिवणकाम आणि थोडा शास्त्राभ्यास असतो. पण त्याला परीक्षा नाही आणि प्रमाणपत्रही नाही. माझी पत्नी लग्नापूर्वी शिक्षिका होती. ग्रीकच्या तासाला मागच्या बाकावर बसू द्यावे असा अर्ज तिने केला, तेव्हा जागेची अडचण सांगण्यात आली, आणि त्या वर्गात बाके रिकामी होती. पाळकाच्या पत्नीकडून मंडळी ज्या कामाची अपेक्षा आयुष्यभर करते, त्याचे शिक्षण तिला नियमित विद्यार्थिनी म्हणून मिळायला हवे. आता हा वर्ग प्रमाणपत्र अभ्यासक्रम करण्याचा विचार आहे असे कार्यालयातून कळते. संसारी अर्जदारांनी त्याचे परिपत्रक मुलाखतीच्या वेळी मागून घ्यावे, आणि ते मिळाले नाही तर पत्नीच्या प्रवेशाविषयीचे उत्तर लेखी घेऊनच सामान बांधावे.